झाडाखालचा लाल हातमोजा

प्रिय आई,

तू विचारण्याआधीच सांगते: लोकरीचे मोजे पुरतात, जेवण गरम मिळतं आणि अस्वलं बहुतेक झोपली आहेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

चाळिशीत मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, पण इथला आमचा वर्ग म्हणजे जंगलच. शाळेतली मुलं येतात, त्यांना आम्ही शिकवायचं आणि त्यातून आपण शिकायचं. दिवसाच्या शेवटी एकेका मुलाला एकेका झाडाखाली एकटं, गप्प बसवतात आणि थोड्या वेळाने गोळा करत येतात. आज ते काम पहिल्यांदाच माझ्या एकटीकडे होतं. मुलांना घ्यायला परत आले, तर ट्विला नावाच्या मुलीच्या झाडाखाली नुसता तिचा लाल हातमोजा.

आई, माझी नजर आधी उतारावर गेली. खाली नदी अर्धवटच गोठली आहे.

ती पुढच्याच झाडाखाली सापडली, छोट्या डेक्स्टरचा हात धरून. म्हणाली, "हा रडत होता. तुम्ही गप्प राहा म्हणालात ना? मी गप्पच आले की!"

आम्हाला शिकवणाऱ्या लोर्नाबाई म्हणाल्या, "उद्या दुसरा वर्ग येतोय, तोही तूच बसवायचास. नाही म्हणालीस, तर तुलाच बसवीन झाडाखाली."



दिवेलागणीला तू मला एकटीला कोंबड्यांचं खुराडं बंद करायला पाठवायचीस आणि स्वयंपाकघरात, खुराड्यापर्यंत ऐकू येईल असं मोठमोठ्याने गायचीस. मला वाटायचं, तू मजेत आहेस.

उद्या मुलांना बसवून झालं, की मीही गाणार आहे.

तुझ्याच बेसूर गळ्याची,
मारित