भाविकच्या तोंडापर्यंत पाच बोटं

२ जुलै २००७
डावा दंड सात इंच. उजवा सहा! टेप माझीच, शिलाईची. मुंबईच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या दिपाली मॅडमनी मलाच मोजायला लावलं. म्हणाल्या, "रक्तानं सांधा आखडला, ते खरं. पण दंड सुकला तो हात वापरला नाही म्हणून. सूज उतरल्यावर झोळी सोडायची होती, ताई."

होळीपासून मीच बांधून ठेवला होता तो हात. भाविकचं रक्त लवकर थांबत नाही. जरा धक्का लागला की कोपरात आतल्या आत साचतं, कोपर टम्म होतं, आणि हे दहा वर्षांचं पोर दात आवळून बसतं. तीनदा पाहिलं. चौथ्यांदा बघायचं नव्हतं मला. म्हणून बांधला हात, आणि भरवत राहिले. माया केली म्हणे मी!

आता कोपर पूर्ण सरळ होत नाही, पूर्ण वाकतही नाही. उजवा हात तोंडाशी नेला की मध्येच थांबतो. बोटं लावून बघितलं. पाच बोटं कमी.

५ जुलै
मधल्या सुट्टीत शाळेत गेले, रोजच्यासारखी भरवायला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाळाची मम्मी आली!" भाविकने तोंडच उघडलं नाही. घरी आल्यावर म्हणाला, "उद्या येऊ नको. मी उपाशी राहीन."

चमचा दिला तर म्हणतो, "चमच्यानं आजारी लोक जेवतात." डाव्या हाताने जेव म्हणावं, तर सासूबाई बसल्यात समोर. "माझे घरान डाव्या हातानं कोन जेवाचा न्हाय!" नातूही आजीचाच, डावा हात ताटाला लावत नाही. दोघांचा हट्ट एका मापाचा.

पाच बोटं.

१९ जुलै
व्यायाम चालू. अर्धी बाटली तांदूळ भरून उचलायची, हळूहळू. मॅडमकडे कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी आहे. भाविक म्हणाला, "हा तर माझ्या कंपासपेटीतला कोनमापक, मोठा झालेला!" मॅडम हसल्या. त्यांनी बजावलं — दुखेल तिथे थांबायचं. हात त्याने स्वतः हलवायचा, दुसऱ्याने ढकलायचा नाही.

आणि भाकरीचं पीठ मळायचं! सासूबाई उडाल्याच. "पोरगा भाकऱ्या बडवील आता?" तरी परात त्यांनीच पुढे सरकवली.

६ ऑगस्ट
त्याने तांदळाच्या दोन भाकऱ्या थापल्या. एक जाड, एक फाटकी. हे दापोड्याच्या गोडाऊनवरून आले, दोन्ही खाल्ल्या, म्हणाले, "कोणी केल्यात? बऱ्या आहेत." बाप खोटं बोलताना किती छान दिसतो!

साडेतीन बोटं.

२ सप्टेंबर
दोन बोटं!! दंडही पाव इंच भरला. भाविक आरशासमोर उभा राहून हात तोंडाकडे नेतो आणि मान पुढे काढतो. "लबाडी नाही चालणार," म्हटलं. आता काय, दोनच तर बोटं.

९ सप्टेंबर
काय केलं मी हे!

दोन बोटं आठवडाभर तशीच. सकाळी तो ताटावर बसला होता. म्हटलं, एकदाच टेकव बाळा, एकदाच. मनगटाला मागून हात लावला आणि ढकललं. माझ्या हाताने. त्याने "आई गं" एवढंच म्हटलं. दुपारी कोपर गरम. संध्याकाळी ह्यांच्या टेम्पोतून मुंबई. इंजेक्शन, बर्फ, परत झोळी.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भाविक डॉक्टरांना सांगत होता, "माझाच हात दारावर आपटला." मला वाचवायला खोटं बोलला माझा लेक.

१४ सप्टेंबर
सूज कमी. स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते, आणि माझं ताट झाकून ठेवते.

२० सप्टेंबर
झोळी सुटली. या वेळी वेळेवर सोडली. हात पुन्हा थांबला पाच बोटांवर. पहिल्या दिवशी होता तिथेच. भाविक आपल्या हाताकडे बघत राहिला. मी भरवायला गेले तर ताट लोटलं.

तेवढ्यात सासूबाई आपलं ताट घेऊन त्याच्याशेजारी बसल्या. पदर सावरला, आणि डाव्या हाताने भात कालवायला लागल्या! सत्तर वर्षांत पहिल्यांदा. "चल, आज आपून दोघा डाव्यानं." निम्मा भात लुगड्यावर. भाविक त्यांना बघून खदखदून हसला, आणि त्याने डावा हात ताटात घातला. मी आत जाऊन रडले. या बाईशी मी किती भांडले आहे!

५ ऑक्टोबर
पुन्हा बाटली, पुन्हा परात. पहिल्यापासून. तो मळतो तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहते. आता डबा शाळेत डाव्या हाताने खातो. कोणी काही बोललं तर सांगतो, "माझी आजीपण अशीच जेवते."

मला मात्र विचारतो, "तू का जेवत नाहीस?" नंतर जेवते, म्हणते. दोन घास खाते. त्याला कळतं.

साडेचार बोटं.

२८ ऑक्टोबर
कोलंबीचं कालवण केलं होतं. भाविक माझं झाकलेलं ताट घेऊन आला, समोर मांडी घालून बसला. उजव्या हाताने भात कालवला. मला वाटलं, स्वतःसाठी. हात उचलला, कोपर जेवढं उघडतं तेवढं उघडलं, आणि घास माझ्या तोंडाशी आला. "माझं तोंड अजून लांब आहे. तुझ्यापर्यंत हात पोचतो. आ कर."

सगळं ताट संपवलं मी. आज बोटं मोजलीच नाहीत.