ठणठणीत

९ जानेवारी
आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच. मिरजेच्या डॉक्टरांनी नीट समजावलं — आधी ऑपरेशन, मग किमो, आशा चांगली आहे. आबांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. मिलिटरीतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी साहेबांसमोर बसवत नाही त्यांना. मी मलकापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून प्रश्न मी विचारायचे असं ठरलं होतं. एकही सुचला नाही!

बाहेर आलो तर मावशीनं भर पॅसेजमध्ये पदर पसरला आणि ओरडली, "म्हसोबा, माझ्या चंद्रीला ठणठणीत बरी कर, बोकड देईन!" नर्स म्हणाली, जरा हळू बोला. तर मावशी, "हळू बोलून कुंडलापतूर, हिच्या गावच्या म्हसोबाला, ऐकाय जाईल व्हय?"

१३ जानेवारी
मावशी आटपाडीच्या बाजारातून बोकड घेऊन हजर! मी म्हटलं, "अगं, नवस बरं झाल्यावर फेडायचा. आत्ताच कशाला?"

"देवाला दिसाय नगं, आपली तयारी हाय ती?"

काळा, एका कानावर पांढरा ठिपका, महाउद्धट. आल्या आल्या माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. आबांनी त्याला नवा भरती जवान ठरवून नाव ठेवलं — रंगरूट.

२९ जानेवारी
ऑपरेशन झालं. आई शुद्धीवर आली. पहिलं वाक्य — "रंगरुटाला पाणी दावलं का?" आबा जरा दुखावलेत.

१८ मार्च
दुसरा किमो. आईचे केस गेले, तोंडाची चव गेली. ताट समोर ठेवलं की मान फिरवते. चार दिवस नुसत्या पेजेवर. मला तिच्याकडे बघवत नाही आणि चिडचिड मात्र आबांवर निघते.

आज उठून गोठ्यात जाऊन बसली. भाकरीचा एक तुकडा रंगरुटाला, एक स्वतःला. अख्खी भाकरी संपली! डॉक्टर म्हणाले होते, जनावरांपासून लांब राहा. पण सांगणार कोण? मी गुपचूप दुसरी भाकरी नेऊन ठेवली.

११ जुलै
रिपोर्ट स्वच्छ!!! आबा पार्किंगमध्ये तोंडावर टोपी धरून रडले. मी टोपीशिवाय.

घरी येतोय तोवर मावशीचा फोन — आखाड चाललाय, मंगळवारी बोकड देऊन टाकू. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. मग म्हणाली, "आक्का, तू ठणठणीत म्हणली हुतीस. मी बरी हाय. ठणठणीत न्हाई."

१४ जुलै
घरात कोर्ट बसलंय. ठणठणीत म्हणजे नेमकं काय? मावशी म्हणते, "चालतीया, बोलतीया, माझ्याशी भांडतीया, अजून काय पायजे?"

आबांनी मेडिकल बोर्ड बसवलं. मिलिटरीत पूर्ण फिट माणसाला शेप वन म्हणतात. चंद्रा शेप वन असेल तरच बोकड. आईला अंगणात उभं केलं. "हात वर!" ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. "पळ!" आई दोन पावलं पळाली आणि मटकन बसली — पदराआड हसत. निकाल: अनफिट, तीन महिने लाईट ड्यूटी. मी, विज्ञानाची बाई, चक्क टाळ्या वाजवल्या.

२८ जुलै
मावशी ऐकते कुठली! श्रावणात बोकड देता येत नाही म्हणून तिची घाई. म्हणाली, देवालाच विचारू. रंगरुटाला शिवेवरच्या म्हसोबाकडे नेलं. त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं, त्यानं अंग झाडलं की देवानं मानलं. मावशीनं तांब्या ओतला — आईनं झटक्यात पदरानं पाठ पुसली! दुसरा तांब्या. पुन्हा पदर.

"चंद्रे, देवाच्या कामात हात घालू नगंस!"

"आगं, थंडी वाजंल की त्येला!"

रंगरूट निवांत मावशीची पिशवी चघळत होता. अंग काही झाडलं नाही. म्हसोबा पण आईला वचकून असणार.

६ ऑगस्ट
श्रावण लागला. आईनं रंगरुटाला गुळाचा खडा दिला.

१३ ऑक्टोबर
दसरा झाला, मावशी हजर. आई म्हणाली, पाठ दुखतीया.

"काल दुखत न्हवती व्हय?"

"काल तू न्हवतीस."

आबा हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. मलाही आवरेना. शेवटी मावशीनंच हात टेकले — "ऱ्हाऊ दे मेल्याला दिवाळीपतूर." आई मात्र हसली नाही. पाठीला हात लावून आत गेली.

१७ ऑक्टोबर
मावशी आटपाडीला परत गेली. पाठ अजून दुखतेच आहे. आबा बाम चोळतात. डॉक्टरांना फोन केला — सोमवारी स्कॅनला या म्हणाले.

२१ ऑक्टोबर
मणक्यात पसरलाय.

घरी आल्यावर आई थेट गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले. रंगरूट शिंगापासून खुरापर्यंत ओला, नुसता उभा. आईच्या हातात तांब्या, बादली तळाला गेलेली.

"क्रांते, मला जगायचंय गं."

आणि परत तांब्या ओतला. "झाड रं राजा. झाड की अंग."