निशिगंधा, पाऊस आणि दीडशे बटाटेवडे

७ जुलै २०२४, रविवार
निर्णय झाला. पावसाळी काव्यमैफल करायची. एकट्याची. विषय : आठवणी, हरवलेलं प्रेम आणि पावसातली नवी मुंबई. कॉलेज सुटल्यापासून निशिगंधासाठी कविता लिहितोय, आता तिने ऐकायला हव्यात. तिला सगळं आठवलं की जन्माचं सार्थक. लग्नसुद्धा तिच्यासाठीच केलं नाही. (मध्यंतरी स्थळं पाहिली, पण नकार तिकडूनच आले. म्हणजे नियतीलाही हेच मान्य.)

९ जुलै, मंगळवार
सापडली. घणसोली गावात केटरिंग करते. फोन लावला. एकदम 'मी आलोय' कसं म्हणणार? म्हणून दीडशे बटाटेवड्यांची ऑर्डर दिली, ४ ऑगस्टची. अट एकच, स्वतः घेऊन यायचं. नाव सांगितलं. मग 'बरं, इंद्रजित सर' म्हणाली. सर! मनात काहीच नसतं तर एवढं अंतर कशाला ठेवलं असतं?
तारीख दोनदा विचारली. चार तारीख नक्की ना, आणि वडेच ना? आवाज कापत होता. रेंजही नव्हती म्हणा.
वहिनी म्हणते, बिल्डिंगखाली वडेवाला बसतो, मग घणसोलीहून खांदेश्वरला वडे कशाला? वहिनीला कविता कळत नाही.

१४ जुलै, रविवार
४ ऑगस्टसाठी सोसायटीचा हॉल मिळाला. रविवार असून अख्खा रिकामा. नशीब जोरात आहे. सेक्रेटरीने विचारलं, कॅलेंडर बघितलंत का? कवी कॅलेंडर बघून जगत नाही.

२० जुलै, शनिवार
तळोज्याला, कंपनीच्या लॅबमध्ये सॅम्पल तपासताना सुचलं :
'खांदेश्वरला पाऊस पडतो, घणसोलीला पडतो का?
सबवेमध्ये पाणी भरता जीव तुझाही अडतो का?'
अंगावर काटा आला. सॅम्पल वाया गेलं. धनाजीला ऐकवली. तो लॅबमध्येच असतो, मूळचा साताऱ्याचा. सूत्रसंचालन त्याचंच. म्हणाला, कविता झ्याक हाय, पर चार तारखेला माणसं न्हाईत गावायची. जळतो.

२८ जुलै, रविवार
सगळ्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. सगळ्यांनी हात जोडले. निशिगंधाला लिहिलं, 'वाट पाहतोय.' लगेच अंगठा आला. इतक्या तातडीने अंगठा कुणी उगाच देतं का?
कुर्त्याची बटणं लागत नाहीत. उद्यापासून डाएट.

४ ऑगस्ट, रविवार, सकाळ
दादा मटण आणायला गेलाय. रांग म्हणे सिग्नलपर्यंत. आज गटारी. वहिनी म्हणते, ती महिनाभर हेच सांगत होती. नीट जोर देऊन सांगायला हवं होतं. असो. ज्यांना मटण हवं ते रसिक नव्हेतच. डाएट उद्यापासून, श्रावणासोबत.

४ ऑगस्ट, संध्याकाळ
खुर्च्या दीडशे. वॉचमन येऊन बसला, पण कुणीतरी रस्सा ठेवलाय म्हणून गेला. धनाजीचा फोन बंद.
मग निशिगंधा आली, दोन मोठे टोप घेऊन. केस पिकलेत, हसणं तेच. म्हणाली, आज घराघरात मटन, वडे मागवनारे तुमी एकलेच. म्हटलं, पाच मिनिटं बस. सगळ्या कविता वाचल्या. ती रडली. खरंच रडली, ओढणीने डोळे पुसले. एवढा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.
मग तिने विचारलं, कोन होती हो ती? म्हटलं, कॉलेजातली. कुठलं कॉलेज? सांगितलं. तर केवढी खूश झाली. म्हणाली, मी पन तिथंच व्हते, नाव सांगा, वलखत असेन तिला.
माझ्या तोंडून निघून गेलं, मंजुषा.
मंजुषा तिची खास मैत्रीण. लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर. मंजुषाला मी चक्क आठवलो. म्हणाली, इंद्रजित? तो तर तुझ्याच मागे फिरायचा गं, सगळ्या कॉलेजला माहीत होतं.
निशिगंधाने फोन ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघत राहिली. बिचारीने प्रयत्न केला. मला रडू येत होतं. मग म्हणाली, असंल हो सर, पन मना नाय आठवत. आनि चटनी आजच संपवा, उद्या आंबंल.