अकरा खिडक्यांची पाटी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या आणि (तुझ्याच मते) हेकट भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या मागील पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त करून ते परत पाठवले होते; पोचले असेल.

आता मुख्य वर्तमान. आत्याने काल, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटीने मतदान केले. ऐन तारुण्यात तिची दृष्टी गेली, तेव्हापासून तिचा शिक्का दुसऱ्याच कोणाच्या हातात असे: आधी वडील, मग तू, तुझ्या लग्नानंतर मी. यंदा केंद्रावर अंध मतदारांसाठी स्पर्शपाटी ठेवायचे ठरले. मतपत्रिकेवर नेमका बसणारा पुठ्ठा, प्रत्येक उमेदवारासमोर शिक्क्यापुरती एक खिडकी आणि खिडकीशेजारी ब्रेलमध्ये उमेदवाराचा क्रमांक. ज्याने तीस वर्षे मुद्रणशास्त्र शिकवले, त्याच्याकडे हे काम न येते तरच नवल.

ते मी कसे केले हे विस्ताराने सांगितल्यास तुला आत्मस्तुती वाटेल, म्हणून एवढेच सांगतो की ते निर्दोष होते. अकरा खिडक्यांपैकी एकही केसभर तिरकी नव्हती. प्रत्येक टिंब मी भिंगाखाली तीनदा तपासले. आत्या पलीकडच्याच खोलीत वेताच्या खुर्च्या विणत बसलेली असते. पाटी एकदा तिच्या हातात द्यावी, असे सुनेने सुचवलेही. परंतु काम पुरे होण्याआधी कोणाला दाखवण्याची माझी पद्धत नाही (शिवाय सुनेला मुद्रणातले काय कळते). शेवटी, इतक्या बोटांनी पाटी मळू नये, म्हणून मी ती लॅमिनेट केली आणि खिडक्या पुन्हा कोरल्या. इतकी देखणी वस्तू त्या केंद्राने पाहिली नसेल. केंद्राधिकारी बाईंनी सकाळी मला जाड कागदाचे प्रशस्तिपत्रकही दिले.

आत्याने पाटीवरून बोटे फिरवली. पुन्हा फिरवली.

"छान गुळगुळीत झालीय रे," ती म्हणाली. "आकडे कुठे ठेवलेस?"

ताई, उष्णतेने आणि दाबाने उठाव सपाट होतो, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले आहे.

"असू द्या आजी," केंद्राधिकारी बाई म्हणाल्या, "भाचे येतील की नेहमीसारखे सोबत."

"भाचा नको. खिडक्या मोजून माझं भागेल हो, पण मागे आणखी तिघं आहेत. त्यांनीही मोजतच बसायचं? जाड कागद आहे का कुणाकडे?"

जाड कागद एकच होता. "हे आजच मिळालंय," मी म्हणालो.

"मग ताजंच आहे. आण."

तिने पिशवीतून खुर्च्यांचा दाभण काढला. ब्रेल हाताने टोचायचे तर कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे, सगळे उलटे टोचावे लागते. मला यंत्र असूनही चार दिवस लागले होते. तिने मांडीवर पिशवी घेऊन, केंद्राधिकारी बाईंच्या पाठदुखीची चौकशी करत, सहा मिनिटांत अकरा आकडे टोचले, पट्ट्या कापल्या आणि डिंकाने खिडक्यांशेजारी बसवल्या. तिच्यामागे उभे असलेले, वाद्ये जुळवण्याचा व्यवसाय करणारे अंध गृहस्थ बोट फिरवून म्हणाले, "सात जरा वाकडा आलाय."

"सातला कोण विचारतंय," आत्या म्हणाली, आणि बाईंनी दोघांनाही गप्प केले.

मग ती पडद्याआड गेली. मी बाहेर. मोठमोठे छापखाने मी पाहिले आहेत, शंभर टनी यंत्रांचा नाद ऐकला आहे. पण पडद्यामागून आलेल्या त्या एका शिक्क्याच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. ती बाहेर आल्यावर मी सवयीने विचारले, कोणाला दिलेस? "गुप्त असतं ते," ती म्हणाली. त्या वेळच्या तिच्या चेहऱ्यात दुरुस्त करण्याजोगे मला काहीही सापडले नाही.

बाकी क्षेम. प्रशस्तिपत्रकातले माझे अर्धे नाव चौथ्या खिडकीपाशी शिल्लक आहे.

तुझा,
भाऊ

ता. क. तुला सांगितलेले बरे. मागच्या दोन्ही निवडणुकांत आत्याने सांगितलेला उमेदवार मला अयोग्य वाटला, म्हणून मी तिचा शिक्का दुसऱ्यावर मारला होता. काल तिच्यापुढे तसे कबूल केले. वेत ओढता ओढता ती म्हणाली, "पहिल्या वेळी घरी येईपर्यंत तू फार गोड बोलत होतास, तेव्हाच कळलं. खरी लढत दोघांतच होती. म्हणून दुसऱ्या वेळी मला नको होता त्याचं नाव सांगितलं."

आणखी ता. क. अक्षरावरून तू ओळखले असशील. माझा उजवा हात वर्षभर कापतो आहे. पाटी मागण्याची लाज वाटली, आणि काल माझा स्वतःचा शिक्का दोन चौकटींच्या मधोमध पडला, मत बाद. आत्याने घरी दुसरी पाटी करून दिली आहे, तिच्यावर आजपासून सराव सुरू केला आहे. न जमल्यास पुढच्या वेळी सोबतीला तू यावेस, अशी विनंती आहे. मात्र मी सांगेन तिथेच शिक्का मार. तुझी बुद्धीही माझ्यासारखीच चांगली आहे, याचीच तेवढी धास्ती वाटते.