काकांच्या बीपीच्या गोळ्या

सातपूर, मार्च १९९८

पुंजाकाका,

आज डॉक्टरांनी विचारलं, “रक्ताच्या नात्यात कुणाला हा मनाचा आजार होता का? त्यांना लिथियम लागू पडलं असेल, तर तुम्हालाही पडायची शक्यता जास्त.”

सासूबाई शेजारीच होत्या. माझं लग्न ठरवताना तुमच्या लिथियमच्या गोळ्या आपण त्यांना बीपीच्या म्हणून सांगितल्या होत्या. मी म्हणाले, “कुणालाच नाही.” डॉक्टरांनी दुसरंच औषध लिहून दिलं.

लिथियमवर तुम्ही वीस वर्षं मनमाडला धडधाकट राहून नोकरी केलीत. पण ते सांगितलं, तर मला कायमचं माहेरी धाडतील.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या काकांना लय गुण आला बघ. माझ्या बीपीला त्याच गोळ्या मागव.”

पत्र टाकायला त्यांच्याकडेच द्यावं लागतं. हे उशीच्या अभ्र्यातच राहील.

तुमच्यावर गेलेली,
भाग्यश्री