तेजरामची तपासणी झाल्याशिवाय पाय कापू देणार नाही

मी रामाजी चंपत लांजेवार, वय चोपन्न, पोलादाच्या भट्टीला आतून विटा लावणारा गवंडी, मूळचा भंडारा जिल्ह्यातला, हल्ली राहणार खुर्सीपार, भिलाई, इस्पितळाच्या खाटेवर उशीला टेकून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. शाळा दुसरीपर्यंत, बाकीची अक्षरे सिमेंटच्या पोत्यांवर वाचून शिकलो. अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती मीच करतो आहे, ती पुढे येईल.

खुर्सीपारच्या दोन खोल्या मी बांधल्या. त्या माझी पत्नी भागीरथा हिच्या. तिला तिथून कोणी ऊठ म्हणू नये. पोस्टातले पासबुकही तिचेच.

थापी, ओळंबा व पाणसळ जावई धोंडबा यांना. ओळंब्याची दोरी कुजली आहे, बदलून घ्यावी.

चांदीचे कडे. हे मी पंचविसाव्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत बुंदीचे बेचाळीस लाडू खाऊन पैजेत जिंकले. तेव्हापासून माझा सोबती मारोतराव दर पंगतीत माझ्यावर पैज लावी आणि "रामाजी, आनखी एक!" म्हणून ओरडे. मला त्यात मर्दपण वाटे. दिवस चहावर काढायचा आणि पंगतीत पोट फुटेस्तोवर खायचे, असे वीस वर्षे केले. गेल्या महिन्यात बुटात खडा गेला. पाय बधिर, दिवसभर त्यावर चाललो तरी कळलेच नाही. जखम चिघळून आता अंगठा काळा पडला आहे. उद्या सकाळी गुडघ्याखाली पाय कापायचा आहे. माझी लघवी निळ्या औषधात घालून तापवली, तर विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार नुसत्या लाडवांनी होतो असे नाही, घराण्यातूनही येतो. पण तुम्ही त्याला वीस वर्षे खतपाणी घातले.

म्हणून ते कडे दुर्गच्या सोनाराकडून वितळवून घ्यावे. कडे म्हणून ते कोणाच्या हातात जाऊ नये.

तेरवीला वरण-भात व वांग्याची भाजी करावी. गोड करू नये. मारोतरावाला बोलवावे; पण तो पंगतीत "आनखी एक" म्हणाला, तर त्याचे पान उचलावे.

आता मुलगा तेजराम, वय तेवीस, रोलिंग मिलमध्ये कामाला. सकाळी काही खात नाही, पाळीत पाच चहा, आणि रविवारी मेसमध्ये जिलेबीच्या पैजा. पोरे ओरडतात, "रामाजीचा पोरगा हाय!" महिन्यापासून पाण्याची घागर एकटा रिकामी करतो. पट्ट्याला दोन नवी भोके पाडली, तरी पॅन्ट उतरते. मोरीत त्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे भागीरथाने पाहिले. तपासून घे म्हटले तर म्हणतो, "बाबा, भट्टीपाशी तहान लागनारच. मी तं तुमचंच नाव राखून राहिलो."

भागीरथा मला म्हणाली, "कडं दाखवू दाखवू तुमीच त्याले चढवलं. आता मुताची बाटली मांगता?" खरे आहे.

तरी लिहून ठेवतो, की तेजरामने लघवी तपासायला दिल्याशिवाय मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. डॉक्टर म्हणाले, "रामाजी, मी थांबेन. तुमचा पाय थांबणार नाही, विष वर चढतंय." पण त्या पोराला हलवायला माझ्यापाशी दुसरे काही नाही. यात मी गेलो, तर तेजरामला कोणी बोल लावू नये. हट्ट माझा आहे.

इथवर लिहिले तोच तेजराम पाळीवरून आला. उभ्या उभ्या कागद वाचला.

"आंधी तुमी सही करा."

"आंधी तू बाटली दे."

"बाबा, पाय सडून राहिला तुमचा!"

"दिसते मले."

त्याने खाटेची दांडी धरली. मग हळू म्हणाला, "अन् लाल निघाली तं?"

मी इतके दिवस जिला मस्ती समजलो, ती भीती होती.

म्हटले, "तं मले चोपन्नाव्या वर्षी समजलं, तुले तेविसाव्या समजंन. तेवढी वर्षं तुह्या हातात राहतीन."

तो पडद्यामागे गेला. बाटली आणून माझ्या हातात दिली. कोमट होती. मी डॉक्टरांच्या कागदावर सही केली, आणि आता यावर करतो.

रामाजी चंपत लांजेवार
भिलाई, जिल्हा दुर्ग
दि. २१ फेब्रुवारी १९६३

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. दिवाकर शरच्चंद्र गोरे, मास्तर, शेजारची खाट
२. सिंधुताई कापगते, नर्स (सही करून बाटली तपासायला घेऊन निघाले.)