नव्या डिस्कवरची रिकामी जागा

दि. ३ डिसेंबर २०२३
तांडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ

प्रिय राजकुमार,

तुम्ही तिघं सुखरूप असाल असं धरून चालते. इकडे कापसाचा दुसरा वेचा सुरू आहे. थंडी यंदा उशिरा पडली. आपल्या याडीची भूक बरी आहे, सकाळी भाकर दुधात कुस्करून दिली की खाते. उजवा हात मात्र होता तसाच आहे.

दिवाळीत तू आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी एसएसडी डिस्क बसवून दिलीस, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. काम फार सफाईचं झालं आहे. आधी मी बटण दाबून चूल पेटवायची, चहा उकळून गाळायची, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. आता खुर्चीत नीट टेकेपर्यंत सगळं समोर हजर. घरघर नाही, खडखड नाही. तांड्यातले लोक मुद्दाम बघायला येऊन गेले.

पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलते आणि तू "हो ताई" म्हणतोस. बोलण्यात मी तुला नेहमीच हरवत आले, आणि हरलेला माणूस ऐकत नसतो, संपायची वाट बघतो. कागदावर तुला माझं वाक्य मध्येच संपवता येणार नाही.

विमलताईंकडे परवा जाऊन आलो. यवतमाळच्या त्याच, ज्या वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. आषाढात झटका आला, याडीचा अर्धा देह आणि सगळी वाणी गेली, तेव्हा त्यांनीच सुचवलं होतं: हिचं जुनं बोलणं, गाणं कुठं साठवलेलं असेल तर रोज लावा, तिचाच आवाज तिला वाट दाखवतो का बघू. आणि ते आपल्याकडे होतं. किती वर्षं मी तिला बोलतं करून कॉम्प्युटरमध्ये साठवत होते. बैलांवर मीठ लादून तिची आजी कुठकुठल्या घाटांतून गेली ते, होळीला गायच्या लेंगी, ढावलो. ढावलो तुला आठवत नसेल तर सांगते, सासरी निघालेली नवरी रडत म्हणते ते गाणं. त्यात एका जागी नवरी आईला 'याडी' म्हणून हाक मारते. दसऱ्याच्या सकाळी त्या जागेवर कॉम्प्युटरमधली याडी "याडी" म्हणाली आणि खाटेवरची याडीही म्हणाली. फाटक्या आवाजात, पण पूर्ण शब्द. तुला मी तेव्हाच फोन केला होता. तू वर्गात होतास.

विमलताईंनी परवा विचारलं, "मागच्या वेळी ओठ हलत होते, आता का नाही?"

कळंबच्या सभेहून मी परत आले तेव्हा तू डिस्क बसवून निघून गेला होतास. कॉम्प्युटर लावला. माझी सगळी भाषणं जागच्या जागी होती, तालुक्याच्या नावानं, सालाच्या क्रमानं लावलेली. हारतुऱ्यांचे फोटोही होते. याडी कुठंच नव्हती. फोन केला तर तू म्हणालास, नवी डिस्क लहान, जागा पुरत नव्हती, महत्त्वाचं तेवढं घेतलं. आणि वर, "ते काय होतं ताई, म्हातारीच्या तांड्यातल्या गप्पा. गोरबोलीत. कोण ऐकणार?"

ज्या भाषणांना टाळ्या पडतात त्यांतलं निम्मं त्या गप्पांमधलं आहे, राजकुमार. तू नक्कल जपलीस आणि अस्सल फेकून दिलंस. कारण नक्कल शुद्ध मराठीत होती.

पुस्तकांची कोठारं जाळणाऱ्यांविषयी मी खूप वाचलं आहे, व्यासपीठावरून त्यांच्यावर बोललेही आहे. ते परके असायचे, आणि आपण काय जाळतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. आपल्याच तांड्यात जन्मलेला, तिच्याच मांडीवर तीच गाणी ऐकत झोपलेला प्राध्यापक माऊसच्या एका टिचकीनं हे करतो, त्यावर कसं बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

जुनी डिस्क तू पुसून, साठवणीसाठी म्हणून, पुन्हा आतच बसवलीस. तिच्यावर तुझी व्याख्यानं आणि पोरीच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ भरून ठेवलेस. पांढरकवड्याच्या दुकानदाराकडे मी ती घेऊन गेले. तो म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काढता आलं असतं, वरून दुसरं लिहिलं की खालचं गेलं. तरी त्यानं खटपट केली. एक तुकडा निघाला. त्यात याडी खोकते. बस्स, तेवढंच.

तू विचारलंस, दुसरीकडे का ठेवलं नव्हतंस? नव्हतं ठेवलं. घरच्या माणसापासून घर सांभाळायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

आणखी एक. नवी डिस्क मी काल उघडून पाहिली. निम्म्याहून जास्त रिकामी आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. शेजारची पुष्पा त्या दिवशी याडीपाशी बसली होती. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं, नाहीतर ती चहाड्या करणाऱ्यांतली नाही. तू ते एकेक उघडत होतास, थोडं ऐकत होतास, डिस्क बसवायला दुकानातून आलेल्या माणसाकडे बघून हसत होतास आणि वगळत होतास. खाट कॉम्प्युटरला लागूनच आहे. याडीनं डाव्या हातानं तुझं मनगट धरलं. माऊसवरचं.

पुष्पा म्हणाली, "मी म्हटलं, भाऊ, मामी काही सांगून राह्यल्या. तर ते म्हणाले, पाणी पाह्यजे असंन. मंग त्यायनं हात सोडवला आन् पाणी पाजलं."

तू पाणी पाजलंस. ती प्यायली. दुसरं काय करणार होती?

आता ती कॉम्प्युटरकडे तोंड करत नाही. पलीकडच्या तांड्यातून जमनाबाईला मी आणून बसवलं, तिनं तीच गाणी म्हटली. याडीनं ऐकून घेतलं, ओठ हलवला नाही. मग हट्टानं मी माझं एक भाषण लावलं, तू जपलेलं. ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि डाव्या हातानं मांडीवर टाळी दिली, श्रोते देतात तशी. मी उठून बाहेर गेले.

क्षमेचं पत्र पाठवू नकोस. तुला ते उत्तम लिहिता येतं. पैसे नको, नवं यंत्र नको. तू स्वतः ये, सुट्टी काढून ये, आणि तिच्या खाटेपाशी बसून गोरबोलीत बोल. वीस वर्षांत तू ती तोंडात घेतलेली नाहीस. अडखळशील, शब्द सापडणार नाहीत, तांडा दाराशी उभा राहून हसेल. हसू दे. तिच्यासमोर तिच्याइतकंच अडखळणारं एक माणूस तरी असेल. कदाचित तुझी चूक दुरुस्त करायला ती तोंड उघडेल. तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही, कारण तू न आल्याचंही मग मलाच सांगावं लागेल.

भावजयीला नमस्कार नको, आशीर्वाद सांग. तुझ्या पोरीला तिच्या आजीचा आवाज कसा होता हे विचारू नकोस.

भुरीबाईची मुलगी,
बबिता